चाचणी तोंडावर आणि दाढ ठणकते आहे

वाचकाचे पत्र

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. गेली काही वर्षे ती शहरातल्या एका क्लबमध्ये बॉक्सिंगचा सराव करते. दीड महिन्यावर राज्य स्पर्धेची निवड चाचणी आली आहे आणि तीन आठवड्यांपासून तिची उजवीकडची खालची दाढ दुखते आहे. थंड पाणी लागले की कळ जाते, रात्री ठणका लागतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर ती दिवस काढते आहे. सर म्हणतात की दाढेला आता हात लावला तर सराव बुडेल, चाचणी झाल्यावर बघू. अलीकडे तिचा दम लवकर जातो, असेही ते म्हणाले. दाताचा आणि दमाचा काही संबंध असतो का? सरावात ती लिंबू-ग्लुकोजची बाटली घोट घोट पीत असते. दातांचे संरक्षण दुकानातून आणलेले आहे आणि ते सारखे निसटते. धाकटा १७ वर्षांचा असून कुस्तीच्या आखाड्यात जातो. तो मित्रांबरोबर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊ लागला आहे आणि वर मलाच सांगतो की खर्र्याने भूक मरते, वजन आटोक्यात राहते. मी काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर

ताई, आपल्या पत्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न दाढेचा उपचार आता करावा की चाचणीनंतर, हा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. उपचार आताच करावा, आणि आता म्हणजे याच आठवड्यात. थंड लागल्यावर कळ जाणे ही बहुधा कीड दाताच्या नसेजवळ पोहोचल्याची खूण असते आणि रात्री आडवे झाल्यावर आपोआप ठणका लागणे ही ती नस सुजल्याची खूण असते. अशी सुजलेली नस गोळ्यांनी बरी होत नाही. गोळी दुखणे झाकते, कीड मात्र आपले काम चालूच ठेवते. पुढच्या काही दिवसांत ठणका अचानक थांबला, तर दाढ बरी झाली असे कृपा करून समजू नका. पुष्कळदा त्या वेळी नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरू लागलेला असतो. तो किती दिवसांनी डोके वर काढेल हे कोणालाच सांगता येत नाही. चाचणीच्या आदल्या रात्री गाल सुजला आणि ताप चढला, तर सरांना जो सराव वाचवायचा होता तो सगळाच वाया जाईल.

सरांची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, कारण खेळाडूचे वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. पण दीड महिना हा या उपचारासाठी पुरेसा वेळ आहे. एक्स-रे काढल्यावर कीड नसेपर्यंत पोहोचलेली नाही असे दिसले, तर एका बैठकीत दाढ भरून होईल. नस सुजलेली असेल तर रूट कॅनल करावे लागेल. ते साधारणपणे एक ते तीन बैठकांत पुरे होते आणि रात्रीचा ठणका बहुतेकदा पहिल्या बैठकीनंतरच उतरतो. त्या दिवशी ओठ, गाल आणि जीभ बधिर असताना स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर ठोशांचा सराव, अजिबात करू नये, कारण स्वतःचीच जीभ चावली गेली तरी ते तिच्या लक्षात येणार नाही. दोरीवरच्या उड्या आणि बॅगवरचा सराव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू करायला सहसा हरकत नसते. स्पारिंग कधी करायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. रूट कॅनल झालेल्या मागच्या दाढेवर कॅप मात्र चाचणीपूर्वी बसवून घ्यावी. अशी दाढ आतून पोकळ आणि कमकुवत झालेली असते. बॉक्सर ज्या जोराने दात आवळतो त्या जोराने ती उभी चिरू शकते, आणि उभी चिरलेली दाढ मग काढूनच टाकावी लागते.

एक शक्यता वेगळी आहे आणि तिच्यासाठी माझे उत्तरही वेगळे आहे. एकोणिसाव्या वर्षी खालची शेवटची दाढ दुखते तेव्हा ती अक्कलदाढ असू शकते, किंवा आडवी अडकलेली अक्कलदाढ पुढच्या दाढेला कीड लावून बसलेली असू शकते. अर्धवट बाहेर आलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीखाली अन्न साचून सूज आली असेल, तर ती जागा स्वच्छ करून सूज उतरवता येते आणि चाचणी पार पडेपर्यंत तेवढ्यावर निभावतेही. हाड कोरून अक्कलदाढ काढायची असेल, तर ते काम चाचणीच्या तोंडावर करू नये असे मी स्पष्ट सांगेन, कारण जबड्याचा तो कोपरा भरून यायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात तोंडावर ठोसे घेणे धोक्याचे असते. अर्थात गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर चाचणीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दाताचा संसर्ग गळ्यात उतरला तर श्वासाची वाट अडू शकते. आणि आताच्या दुखण्याशी संबंध नसला, तरी अडकलेली खालची अक्कलदाढ एक्स-रेमध्ये दिसलीच, तर हंगाम संपल्यावर तिचा निर्णय नक्की घ्यावा. जबड्याच्या कोपऱ्यात अशी दाढ अडकलेली असली की तिथले हाड कमकुवत राहते आणि मार लागल्यावर जबडा नेमका तिथे मोडण्याची शक्यता वाढते, हे तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी वारंवार नोंदवलेले आहे. ज्या खेळात हनुवटी हेच प्रतिस्पर्ध्याचे लक्ष्य असते, त्या खेळात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

आता दमाचा प्रश्न. किडलेल्या दाढेमुळे फुप्फुसांची ताकद थेट कमी होते असे मी म्हणणार नाही. दाढ खेळाडूला स्पर्धेच्या दिवशी हरवते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा स्पर्धेआधीच्या आठवड्यांत हरवते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री ठणक्याने दोन-तीनदा जाग येते. स्नायूंची झीज भरून निघण्याची वेळ झोपेची, आणि तीच तुटते. उजवीकडे चावता येत नाही म्हणून भाकरी, मोड आलेली कडधान्ये, भाजलेले चणे, चिकन असे चावून खायचे पदार्थ ताटातून नकळत कमी होतात आणि वरण-भात, चहात बुडवलेली बिस्किटे अशा मऊ खाण्यावर दिवस निघतो. प्रथिने घटतात, पिष्ट आणि साखर वाढते, आणि वजनाच्या काट्यावर हा बदल दिसतही नाही. त्यातच गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की पोट बिघडते. अशा तीन आठवड्यांनंतर तिसऱ्या फेरीत पाय जड झाले, तर त्यात नवल वाटायला नको. दम जाण्याची इतर कारणेही असतात. तिच्या वयाच्या मुलींमध्ये रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे हे त्यांतले अगदी नेहमीचे कारण आहे. त्यामुळे दाढेबरोबर रक्ताची तपासणीही करून घ्यावी, सगळा दोष दाढेच्या माथी मारू नये.

बॉक्सिंगमध्ये आणखी एक गोष्ट घडते. ठोसा मारताना आणि विशेषतः झेलताना बॉक्सर गमशिल्डवर, म्हणजे दातांवर घालायच्या संरक्षक कवचावर, दात घट्ट आवळतो. जबडा मिटलेला आणि मान ताठ असली की धक्का सोसता येतो. तोंड उघडे असताना हनुवटीवर फटका बसला तर जबडा मोडण्याची आणि जीभ तुटण्याची भीती अधिक असते. दाढ दुखत असलेली मुलगी पूर्ण जोराने दात आवळत नाही, कारण आवळले की कळ मस्तकात जाते. हे ती ठरवून करत नाही, शरीरच तिला तसे करायला लावते. आपल्याला खात्री करून घ्यायची असेल तर तिचे गमशिल्ड उजेडात धरून पाहा. डावीकडे दाढांचे खोल ठसे आणि उजवीकडचा भाग जवळजवळ कोराच असेल, तर ती अर्ध्या जबड्याने खेळते आहे असे समजा. ते गमशिल्ड सरांनाही दाखवा. इतके दिवस त्यांना पटले नसेल ते त्या ठशांवरून पटेल.

हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी क्रीडाग्रामातील दंतचिकित्सालयात आलेल्या ३०२ खेळाडूंची तपासणी करण्यात आली. त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांच्या दातांना कीड होती, ७६ टक्क्यांच्या हिरड्यांना सूज होती, आणि तोंडाच्या आजाराचा आपल्या सरावावर आणि कामगिरीवर परिणाम झाला असे १८ टक्क्यांनी स्वतः सांगितले. हे सगळे खेळाडू दंतचिकित्सालयात आलेले होते, त्यामुळे सरसकट सर्व खेळाडूंना हे आकडे लावता येणार नाहीत. तरीही ज्यांच्या दिमतीला आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि डॉक्टर असतात त्या ऑलिंपिक खेळाडूंच्या तोंडाची ही अवस्था असेल, तर क्लबमध्ये सराव करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडात एकदा डोकावून पाहण्याची जबाबदारी आपण सर्वांनीच घ्यायला हवी. हिरड्यांच्या दीर्घकाळच्या सुजेबद्दलही दोन शब्द सांगते. अशी सूज असलेल्यांच्या रक्तात दाहाचे निदर्शक घटक वाढलेले आढळतात, आणि तिचा स्नायूंच्या दुखापतींशी संबंध असावा असे काही अभ्यासांत दिसले आहे. एकामुळे दुसरे होते असे अजून सिद्ध झालेले नाही. पण दात घासताना गुलाबी थुंकी येत असेल तर हिरड्या साफ करून घ्याव्यात, एवढे सांगायला मला त्या सिद्धतेची वाट पाहण्याची गरज वाटत नाही.

लिंबू-ग्लुकोजच्या बाटलीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या लेकीच्या दाढेची सुरुवात तिथून झाली असण्याची दाट शक्यता आहे. दातावरचे कवच, म्हणजे एनॅमल, तोंडातला सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते. ग्लुकोज ही साखरच आहे. तोंडातले जंतू तिच्यापासून आम्ल तयार करतात, आणि तोंड पूर्ववत व्हायला अर्धा तास तरी जातो. लिंबाचे आम्ल तर जंतूंची वाट न पाहता थेट कवचावर काम करते. एकदाच ग्लासभर सरबत पिऊन झाले तर लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेली खनिजे बऱ्याच अंशी दाताला परत देते. पण दोन तासांच्या सरावात दर पाच-सात मिनिटांनी एक घोट घेतला, तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. त्यातून सरावात श्वास तोंडाने घेतला जातो, घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि लाळ आटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करणाऱ्या मुलांची जीभ टाळ्याला चिकटलेली असते. अशा कोरड्या तोंडात साखर आणि लिंबू गेले की दातांना कोणाचाच आधार उरत नाही. बाजारातली तयार क्रीडापेये याला अपवाद नाहीत. त्यांतल्या बहुतेकांचा सामू ३ ते ४ च्या दरम्यान असतो.

म्हणून तिला पाणी भरपूर पिऊ द्या, आणि तासाभराच्या सरावात फक्त पाणीच पिऊ द्या. सराव लांबला, घाम फार गेला, तर मीठ-साखरेचे पाणी जरूर द्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात ते तोडा असे मी कधीही म्हणणार नाही, कारण उष्माघात दातांच्या किडीपेक्षा फार मोठे संकट आहे. फक्त ते घोट घोट तासन् तास न पिता एका बैठकीत प्यावे, तोंडात घोळवू नये आणि वरून साध्या पाण्याने चूळ भरावी. गमशिल्ड घालून गोड पेय मुळीच पिऊ नये, कारण ते गमशिल्डच्या आत दातांना चिकटून राहते आणि लाळ तिथवर पोहोचत नाही. सरावानंतर दूध किंवा ताक उत्तम. ताक आंबट असले तरी त्यातल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे ते कवचाला तसे अपाय करत नाही. संत्री आपल्या हक्काची आहेत. ती रस काढून दिवसभर पिण्यापेक्षा जेवणानंतर फोडी करून खावीत. आंबट काही खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ पडलेले कवच ब्रशने खरवडले जाते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत, फेस थुंकून टाकावा आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड रात्रभर दातांवर राहते.

वजनाच्या काट्याचा विषय आपण धाकट्याच्या संदर्भात काढला आहे, पण तो दोन्ही मुलांना लागू आहे. वजन पाडण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून धावणे, च्युइंगम चघळून तासन् तास थुंकत बसणे, आणि काही ठिकाणी तर ओकाऱ्या काढणे, हे प्रकार लढतीच्या खेळांत चालतात हे मला ठाऊक आहे. माणसाला दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती थुंकून वजन तात्पुरते उतरते, पण दातांना सांभाळणारी लाळही तिच्याबरोबर जाते. ओकारीतले जठराचे आम्ल लिंबापेक्षाही तीव्र असते आणि ते वरच्या समोरच्या दातांची आतली बाजू झिजवते. दात आतून पिवळसर, गुळगुळीत आणि कडेला पारदर्शक दिसू लागले की मला न सांगताही ते कळते. दातांचे नुकसान हा यातला सर्वांत छोटा धोका आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत झटपट वजन पाडताना महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण मल्ल थोड्याच आठवड्यांत दगावले, आणि त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. आपल्या मुलांचा वजनगट कोणता असावा हे हंगामाच्या सुरुवातीलाच सरांशी आणि वस्तादांशी बसून ठरवा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात हा छळ करण्याची वेळ येणार नाही.

खर्र्याबद्दल लिहिताना मला शब्द सौम्य ठेवता येणार नाहीत. विदर्भात पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना यांची ती पुडी किती सहज हातात येते हे आपण रोज पाहता. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी पानठेल्यावर खर्र्याची पुडी मागणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला सहसा कोणी अडवत नाही. तंबाखूचे दुष्परिणाम सर्वांना माहीत असतात, पण सुपारी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीचा, तंबाखूशिवायच्या सुपारीचासुद्धा, कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला. सुपारीने गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू कडक, पांढुरकी आणि चामड्यासारखी होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. असे कडक झालेले तोंड पुन्हा पूर्वीसारखे होत नाही. उपचारांनी ते आणखी बिघडण्यापासून रोखता येते, काही प्रमाणात मोकळे करता येते, आणि त्यातही खर्रा पूर्ण सुटला तरच.

आपण घरी एक साधी तपासणी करू शकता. धाकट्याला त्याचीच तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. ती सहज जायला हवीत. दोनच बोटे जात असतील, किंवा तर्री-पोहे खाताना पूर्वी कधी होत नव्हती अशी आग तोंडात होत असेल, तर त्याला लगेच तपासणीला न्या. तिखट न सोसणे ही या आजाराची पहिली तक्रार असते, आणि आपल्या भागात ती घराघरात उष्णतेवर ढकलली जाते. त्याच्या खेळाच्या भाषेत सांगायचे तर ज्याचे तोंड उघडत नाही त्याला गमशिल्ड बसवता येत नाही, मोठा घास घेता येत नाही, आणि उद्या इजा होऊन बेशुद्ध व्हायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालतानाही डॉक्टरांची अडचण होते. भूक मरते हे त्याचे म्हणणे खोटे नाही. निकोटिनने भूक दबते. पण वाढत्या वयाच्या मल्लाची भूक मारणे म्हणजे त्याची ताकद मारणे आहे, आणि ही गोष्ट त्याच्या वस्तादांनी सांगितली तर तो आपल्यापेक्षा त्यांचे अधिक ऐकेल. त्याला रागावून घराबाहेर खाण्याची सवय लावू नका. वस्तादांना विश्वासात घ्या, आखाड्यातल्या सगळ्या मुलांची तोंडे एकदा तपासून घ्या, म्हणजे त्याला एकट्याला धरून आणल्यासारखे वाटणार नाही.

आता गमशिल्ड. सरकणारे, निसटणारे गमशिल्ड आपले अर्धेच काम करते. ते जागेवर धरून ठेवण्यासाठी खेळाडूला सतत दात दाबून ठेवावे लागतात, मग श्वास अडखळतो, आणि दम लवकर जातो असे सरांना वाटण्याचे एक कारण हेही असू शकते. दुकानात तयार मिळणारे कडक गमशिल्ड कधीच घेऊ नये. गरम पाण्यात मऊ करून चावायचे गमशिल्ड नीट बसवले तर सुरुवातीच्या खेळाडूला चालते. पण आपली लेक राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर आहे. तिच्यासाठी दंतवैद्याकडून दातांचे माप देऊन बनवलेलेच घ्यावे. मापावरून प्लास्टरचा साचा तयार होतो आणि त्यावर ईव्हीए नावाच्या लवचिक प्लास्टिकचा तापवलेला पत्रा ओढून बसवला जातो. बॉक्सिंगसाठी तो पुरेसा जाड ठेवायला सांगावे. कसोटी सोपी आहे: तोंड उघडून दात न दाबताही ते वरच्या दातांवर टिकून राहिले पाहिजे, ते घालून पाणी पिता आले पाहिजे आणि आपले नाव स्पष्ट उच्चारता आले पाहिजे. गमशिल्डची मूळ कल्पनाही एका दंतवैद्याचीच होती. लंडनमधल्या वूल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास बॉक्सरांचे ओठ दातांवर आपटून फाटू नयेत म्हणून गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या वापरल्या होत्या.

माप देण्याआधी दाढेचा उपचार आणि कॅप दोन्ही पूर्ण झालेले असावेत, नाही तर नवीन कॅपवर जुने गमशिल्ड बसणार नाही आणि पैसे वाया जातील. रंग निवडताना लाल टाळावा, कारण तोंडातून येणारे रक्त पंचांना दिसले पाहिजे म्हणून हौशी बॉक्सिंगमध्ये लाल गमशिल्ड चालत नाही. वापरून झाल्यावर ते गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, छिद्रे असलेल्या डबीत कोरडे ठेवावे. उन्हाळ्यात ते स्कूटरच्या डिक्कीत ठेवले तर एका दुपारीच त्याचा आकार बिघडतो. चावून कडा फाटल्या की ते बदलावे. गमशिल्ड दात, ओठ आणि जबडा वाचवते हे निश्चित आहे. मेंदूला बसणारा धक्का त्याने टळतो असे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे डोक्याला मार लागल्यावर चक्कर, मळमळ, विसर पडणे अशी लक्षणे दिसली तर चांगले गमशिल्ड होते म्हणून निश्चिंत राहू नये. ताकद वाढवणारे गमशिल्ड म्हणून जे महागात विकले जाते त्याच्या दाव्याला भक्कम आधार नाही. तो खर्च करू नका.

नागपूरच्या अल्फिया पठाण यांनी २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून आपल्या शहरातल्या कितीतरी मुलींना हा खेळ आपला वाटू लागला आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. घरचे लोक ग्लोव्ह्ज आणि बुटांसाठी पदरमोड करतात. त्याच खर्चात वर्षातून दोन वेळची दातांची तपासणी धरायला हवी, एकदा हंगामाच्या तीन महिने आधी आणि एकदा हंगाम संपल्यावर. खर्चाची अडचण असेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात माफक शुल्कात उपचार होतात. तिथे रांग असते, म्हणून सकाळी लवकर जावे आणि मुलगी बॉक्सिंग खेळते, अमुक तारखेला चाचणी आहे, हे केसपेपरवरच लिहून घ्यायला सांगावे.

क्लबच्या प्रथमोपचार पेटीजवळ दुधाची एक पिशवी मिळेल अशी सोय असावी. पक्का दात मुळासकट निघून पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू-पुसू नये; माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली किंवा दुधात धरून त्याच खळग्यात परत बसवावा आणि स्वच्छ कापड चावून धरायला सांगावे. बसवता आला नाही तर तो दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, दंतवैद्याकडे पोहोचावे. रुमालात कोरडा गुंडाळून आणलेला दात सहसा जगत नाही.

शेवटी औषधांबद्दल, कारण आपली लेक दुकानातून गोळ्या आणते आहे आणि राज्य पातळीच्या पुढे उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीला तोंड द्यावे लागू शकते. दुखणे थांबवण्यासाठी आपल्याकडे मिळणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत ट्रामाडोल नावाचे तीव्र वेदनाशामक असते आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ते निषिद्ध आहे. दाढ काढल्यावर सूज उतरावी म्हणून डॉक्टर कधी कधी डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड देतात. गोळी असो वा इंजेक्शन, तेही स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे आणि शरीरातून निघून जायला त्याला काही दिवस लागतात. भूल देण्याच्या नेहमीच्या इंजेक्शनला, त्यात ॲड्रेनलिन मिसळलेले असले तरी, हरकत नाही. दंतवैद्यांना ती खेळाडू आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, घरात पडलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, आणि जे औषध दिले जाईल त्याची चिठ्ठी तारखेसह तिच्या क्रीडा ओळखपत्राजवळ जपून ठेवा.